हिसका द्यायचा की थांबायचं?

लोणावळ्यात तुंगार्लीकडे किंवा वळवण धरणाच्या रस्त्याला सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. पुढे सहा-सात महिन्यांचं लॅब्राडॉर किंवा हस्की, मधे ताणलेली दोरी आणि मागे दोन्ही हातांनी तोल सावरत फरफटत जाणारा माणूस. पिल्लाचे पुढचे पाय जमिनीवर टेकायला तयार नसतात, घशातून घर्रघर्र आवाज येत असतो, तरी ते थांबत नाही. अशा पिल्लाचं काय करायचं याबद्दल मावळात दोन मतं भेटतात. एक मत गुराढोरांत हयात गेलेल्यांचं. ते इथे एका काकांच्या तोंडी घातलं आहे, कारण कामशेतपासून पवन मावळापर्यंत कुठल्याही पारावर ते थोड्याफार फरकाने असंच ऐकू येतं. दुसरं मत माझं, आणि ते प्राण्यांच्या शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी जमवलेल्या पुराव्यावर उभं आहे. काकांचं म्हणणं अनुभवातून आलेलं आहे, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

काका : ताई, त्या कुत्र्याला कुणाचा धाकच नाही, एवढंच आहे हे. नवा खोंड पहिल्यांदा जुंपला की असाच उधळतो. मग वेसण कशाला असते? कासरा ओढला की नाकाला कळतं आणि चार दिवसांत खोंड तासाला लागतो. कुत्र्याला नाकात वेसण नाही, गळा आहे. चोक चेन घाला, ओढलं की एक हिसका द्या. आठ दिवसांत सरळ होईल. ही जात मालक कोण ते तपासत असते. एकदा का तुम्ही मागे आणि ते पुढे झालं, की घरात त्याचंच राज्य.

मी : काका, पिल्लू ओढतं त्यात मालकाला तपासणं वगैरे काही नसतं. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. एवढ्या मोठ्या कुत्र्याची सहज दुडकी त्याहून वेगाची, त्यामुळे दोरी घातली की ती ताणली जाणारच. त्यात त्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी वीस ते तीस कोटी, आपल्या नाकात पन्नास-साठ लाख. आपल्याला रिकामा दिसणारा रस्ता त्याच्यासाठी रात्रीच्या बातम्यांनी भरलेला असतो. समोरच्या खांबाकडे ते झेपावतं, दोरी ताणते, आपण दोन पावलं मागोमाग जातो आणि खांब मिळतो. म्हणजे ओढलं की हवं ते मिळतं, हे आपणच त्याला रोज शंभर वेळा दाखवतो. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत कोंडून पाहिलं. योगायोगाने दोरी किंवा खिट्टी ओढली गेली आणि दार उघडलं, की पुढच्या वेळी मांजर तीच हालचाल थोडी लवकर करायचं. ज्या कृतीने चांगलं घडतं ती पक्की होत जाते, एवढाच तो नियम. ओढणाऱ्या पिल्लाला हा नियम पुरेपूर लागू पडतो. ओढण्यातून मिळणारी कमाई बंद केली आणि शेजारी चालण्याची कमाई सुरू केली, की बहुतेक काम होतं. माझं सगळं म्हणणं याच्यात आलं.

आणि खोंडाचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. खोंडाच्या मानेवर आपण जू ठेवतो ते त्याने ओढावं म्हणून. त्याला एकट्याला कुणी जुंपत नाही, शेजारी मुरलेला बैल असतो. आणि कसलेल्या गाडीवानाच्या हातातला कासरा कसा असतो? सैल. तो इशाऱ्यापुरता ताणतो आणि बैल वळला की त्याच क्षणी सोडतो. जो गाडीवान कासरा सतत ताणून धरतो त्याच्या बैलाचं नाक निबर होतं, मग कितीही ओढा. बैलाला शिकवण मिळते ती दोरी सैल होण्याच्या क्षणी. पिल्लालाही नेमकं हेच शिकवायचं आहे, की सैल दोरीत सुख आहे.

काका : मग मी तरी दुसरं काय म्हणतोय? हिसका द्यायचा आणि सोडायचं. तुमचा तो अमेरिकन आणि आमचा गाडीवान एकच बोलले की.

मी : अर्धं तुमचं खरं आहे. हिसक्याने ओढणं थांबत नाही असं मी म्हणणार नाही, बऱ्याचदा थांबतं. प्रश्न त्याच्या किमतीचा आहे. पहिली किंमत गळ्याची. कुत्र्याच्या मानेत पुढच्या बाजूला, पट्टा जिथे रुततो तिथेच, श्वासनलिका, थायरॉईड ग्रंथी आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. २००६ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला. गळपट्ट्यावर ताण आला की डोळ्यातला दाब वाढत होता, छातीवर बसणाऱ्या साजावर, म्हणजे हार्नेसवर, तेवढाच ताण आला तर वाढत नव्हता. ज्यांच्या डोळ्यांना आधीच विकार आहे त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात कृत्रिम मान तयार करून तिच्यावर निरनिराळे गळपट्टे तपासले. रुंद, मऊ अस्तराचे पट्टेही त्यात होते. जोरात ओढ बसल्यावर मानेवर येणारा दाब सुरक्षित म्हणावा असा एकही पट्टा निघाला नाही. आणि ही मान सहा महिन्यांच्या वाढत्या पिल्लाची असते. शिवाय हिसका पिल्लू स्वतः ओढतं त्यापेक्षा जास्त जोराचा असावा लागतो, नाहीतर त्याला तो कळणारच नाही. पिल्लू पाच किलोचं पंचवीस किलोचं झालं की हिसकाही त्या मानाने वाढवत न्यावा लागतो.

दुसरी किंमत मला जास्त काळजीची वाटते. हिसका बसतो तेव्हा पिल्लू कुठे बघत असतं? दोरीकडे खचितच नाही. ते बघत असतं समोरच्या लहान मुलाकडे, सायकलवाल्याकडे, चौकातल्या गावठी कुत्र्याकडे. शनिवारी दुपारी बाजारपेठेत चिक्कीचा पुडा घेतलेलं पोर दिसलं, पिल्लू आनंदाने त्याच्याकडे धावलं आणि गळ्याला कळ आली. असं दहा वेळा झालं की पिल्लाने काढलेला निष्कर्ष ‘ओढू नये’ असाच असेल याची हमी काय? ‘पोरं जवळ आली की दुखतं’ हा निष्कर्षही त्याच्या जागेवरून तितकाच बरोबर आहे. मग वर्षभराने ते मुलांवर गुरगुरतं आणि लोक म्हणतात, कुत्रं अचानक बिघडलं. पोर्तुगालमध्ये पोर्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुत्रे बक्षिसावर शिकवणाऱ्या शाळांतले होते, काही हिसके-ओरडणं वापरणाऱ्या शाळांतले. दुसऱ्या गटात धडा चालू असताना ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि धड्यानंतर लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. ज्यांना सर्वांत जास्त धाक दाखवला जात होता ते कुत्रे तर धड्याबाहेरही, एखादं भांडं रिकामं असेल की भरलेलं अशी शंका असताना, ते रिकामंच असणार असं धरून सावकाश जात होते.

राहिलं ‘घरात त्याचंच राज्य’. ही कल्पना कुठून आली ते पाहण्यासारखं आहे. प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून १९४७ मध्ये लिहिलं, आणि कळपात सतत वरचढपणाची झुंज चालते हे चित्र तिथून रुजलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या गाजलेल्या पुस्तकाने ते जगभर नेलं. पण त्याच मेक यांनी पुढे कॅनडातल्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा माग वर्षानुवर्षं काढला आणि १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने स्वतःचं मत पुराव्यापुढे बदललं, याचं मला फार मोल वाटतं. दारातून पुढे धावणारं पिल्लू सिंहासनावर बसायला निघालेलं नसतं, त्याला बाहेर जायची घाई असते.

काका : बरं, हिसका नको. मग काय, दर पावलाला तुकडा? ही तर लाच झाली. खिशात खाऊ आहे तोवर कुत्रं तुमचं, खिसा रिकामा झाला की परत दोरी ताणून मोकळं. आणि तुम्ही तिथे थांबून राहायचं म्हणता. अहो, माणसाला कामं आहेत.

मी : लाच कामाआधी दाखवतात, मोबदला कामानंतर देतात. ओढणाऱ्या पिल्लाच्या नाकासमोर तुकडा नाचवला तर ती लाचच, आणि मग तुमचं भाकीत तंतोतंत खरं ठरेल. बरेच लोक इथेच चुकतात आणि पद्धतीला नावं ठेवतात. म्हणून नीट सांगते. पहिला धडा रस्त्यावर नाहीच, घराच्या पडवीत, जिथे बघण्यासारखं काही नाही. पाच-सहा फुटांची साधी दोरी. बटण दाबून लांब-आखूड होणारी नको, कारण तिच्यात कायम थोडा ताण असतोच आणि ताण असतानाच पुढे जाता येतं हाच धडा ती देते. छातीवर पुढे कडी असलेलं हार्नेस घाला. एक पाऊल टाका. पिल्लू बरोबर आलं आणि दोरी सैल असली, की बोटाच्या पेराहून लहान, उकडलेल्या चिकनचा तुकडा आपल्या पायाला चिकटून, पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर द्या. तुकडा जिथे मिळतो तिथे कुत्रं राहतं. पुढे हात करून दिलात तर पुढे राहायला शिकेल, पोटरीशी दिलात तर पोटरीशी. मग दोन पावलं, मग पाच. दोरी ताणली की बोलायचं नाही, मागे खेचायचं नाही, जागच्या जागी थांबायचं. पिल्लू एकदा वळून बघतं किंवा अर्धं पाऊल मागे येतं आणि दोरी खाली झुकते. त्याच क्षणी चालू लागायचं. तुमच्या गाडीवानाचं कसब इथेच लागतं. सोडायला एक-दोन सेकंद उशीर झाला तर पिल्लाला नक्की कशामुळे सुटका झाली ते कळत नाही. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुष्कळ झाली.

मधे एक टप्पा असा येतो की पिल्लू आधीपेक्षा जोरात ओढू लागतं. आजवर चालत आलेला उपाय अचानक चालेनासा झाला, की कुठलाही प्राणी आधी तोच उपाय जास्त जोराने करून बघतो. पुष्कळ घरांत नेमक्या याच दिवशी प्रयत्न सोडला जातो, आणि मग पिल्लू शिकतं की जास्त जोर लावला की जमतं. तो टप्पा निघून जाईपर्यंत न डगमगता थांबणं, सगळी परीक्षा तिथेच आहे. आणि खाऊ जन्मभर लागत नाही. रस्त्यावर पिल्लाला खरोखर हवं असतं ते पुढे असतं : तो खांब, ते झुडूप. सैल दोरीने दहा पावलं आलास, तर जा, वास घे. दोन मिनिटं मनसोक्त हुंगू द्या. हा मोबदला खिशात ठेवावा लागत नाही आणि कधी संपतही नाही. तुकडा मग कधी दहाव्या पावलाला, कधी चाळिसाव्या. चाल एकदा बसल्यावर असा अधूनमधून मिळणारा मोबदला तिला जास्त टिकाऊ करतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. एक इशारा मात्र लोणावळ्यात द्यायलाच हवा : हाताशी आहे म्हणून पिल्लाला चिक्की किंवा चॉकलेट फज देऊ नका. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याला विषारी आहे आणि मनुकाही त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

काका : हे सगळं तुम्ही घरमालकाला सांगताय. इथल्या बंगल्यांचं मला विचारा. शेठ येणार शनिवारी, पाच दिवस कुत्रं आमच्या पोराकडे, राखणदाराकडे. त्याला बाग बघायची, टाकी भरायची, गेट सांभाळायचं. तो थांबत बसेल? कुत्रं नेईल तिकडे तो जाईल, नाहीतर खांबाला साखळी.

मी : काका, या वादातला सर्वांत भक्कम मुद्दा तुम्ही आत्ता मांडलात. शनिवारी थांबणारा मालक आणि सोमवारी मागोमाग जाणारा राखणदार मिळून पिल्लाला शिकवतात ते असं : ओढत राहा, कधी ना कधी जमतंच. अधूनमधून मिळणारं यश सवय पक्की करतं, हे जे मी चांगल्या चालीबद्दल म्हटलं तेच ओढण्यालाही लागू आहे. म्हणून घरात एक जरी माणूस वेगळं वागला तरी महिन्यांचं काम पाण्यात जातं. यावर व्यवहारातला उपाय दोन कड्या असलेल्या हार्नेसचा. शिकवण्याची वेळ असेल तेव्हा दोरी छातीवरच्या कडीला. ज्या फेरीत थांबायला सवड नाही तेव्हा पाठीवरच्या कडीला, आणि त्या फेरीत ओढलं तरी चालेल. पाठीवरची कडी कुत्र्याला ओढायला सोयीची असते, बर्फावरच्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या साजातही जोर छातीखांद्यावर येतो आणि दोरी मागे बांधलेली असते. पण कडी बदलली की नियम बदलतो, हे पिल्लू शिकू शकतं. त्यामुळे छातीच्या कडीचा नियम तरी शाबूत राहतो.

आणि राखणदाराबद्दल स्पष्ट बोलायचं तर कुत्रं सांभाळणं हे कौशल्याचं काम आहे. ते त्याच्या पगारात आणि त्याच्या वेळेत धरलं पाहिजे, त्याला शिकवलं पाहिजे. ‘जरा फिरवून आण’ म्हणून ते उरकत नाही. खांबाच्या साखळीचं म्हणाल, तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ पाहा. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधणं हा त्यात गुन्हा आहे. त्याच कलमात कुत्र्याचा वेगळा उल्लेख आहे : नेहमी साखळीत किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही तर तोही गुन्हाच. जबाबदारी मालकाची आहे, तो मुंबईत असला तरी. पाच दिवस बांधलेलं पिल्लू सहाव्या दिवशी ओढतं तेव्हा त्याला उद्धट म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

काका : मग मोकळंच सोडा ना. आमच्या वस्तीवरची कुत्री बघा. ना पट्टा, ना हार्नेस. गुरांमागे जातात, सांजेला परत येतात. कुणाला ओढत नाहीत.

मी : ती कुत्री शिकलेली आहेत, आणि त्यांचा आदर मलाही वाटतो. ती वस्तीत जन्मली, थोरल्या कुत्र्यांमागे फिरून रस्ता, गुरं, अनोळखी माणूस यांची ओळख करून घेत वाढली. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी दोरीतल्या कुत्र्याकडे नसते : अंतर ठरवण्याची मुभा. समोरून नको ते आलं की ती बाजूला होतात. दोरी बांधली की ही मुभा आपण काढून घेतो, म्हणून ते अंतर राखणं आपलं काम होतं. चौकात गावठी कुत्र्यांचा जथा दिसला तर पिल्लाला घेऊन लांबून वळसा घालायचा, त्याला त्यांच्या तोंडी नेऊन मग ओढतो म्हणून रागवायचं नाही.

पण शहरातून आणलेलं पिल्लू मोकळं सोडण्याच्या मी विरोधात आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची वाहतूक, सुट्टीच्या दिवशी भुशी धरणाकडे लागलेली गाड्यांची रांग, ही कारणं उघड आहेत. लसी पूर्ण होण्याआधी पार्व्हो या विषाणूजन्य रोगाचं भयही आहे. बिबट्याचं तुम्हाला मी काय सांगणार? अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्याने खाल्लेल्या एकूण वजनात पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. मावळातल्या डोंगरकडेलाही बिबट्या आहेच. दिवेलागणीनंतर पिल्लू दोरीत आणि माणसाजवळ असलेलं बरं. मोकळेपणाची त्याची गरज मात्र खरी आहे, तिथे मी तुमच्याशी सहमत आहे. भात काढल्यावर रिकाम्या पडलेल्या खाचरात, शेतकऱ्याची परवानगी घेऊन, वीस-तीस फुटांची लांब दोरी हार्नेसला बांधून पिल्लाला अर्धा तास हुंदडू द्यावं. असं हुंदडून आलेलं पिल्लू रस्त्यावर कमी ओढतं.

काका : आणि जुन्या हायवेला ट्रक समोर आला, पिल्लू उडी घेतंय, तेव्हा? तेव्हाही थांबून तुकडा काढणार?

मी : नाही. तेव्हा अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून ओढायचं, उचलून घ्यायचं, काय वाटेल ते करायचं. तो जीव वाचवण्याचा क्षण आहे आणि त्यात शिकवण शोधायची नसते. त्या वेळी दोरी गळ्याऐवजी छातीला असेल तर पिल्लाला इजा होण्याची भीती कमी, एवढंच. पण तो क्षण पुन्हा पुन्हा येत असेल तर आपण त्याला जमणार नाही अशा ठिकाणी फार लवकर नेतोय असा त्याचा अर्थ. आधी पडवी, मग अंगण, मग घरासमोरची गल्ली. तिथे दोरी सैल राहू लागली की आठवड्यातल्या मधल्या वारी पहाटे तुंगार्लीचा रस्ता. लोहगडाच्या पायऱ्या पावसाळ्यात नकोतच. मावळातल्या पावसात दगड शेवाळलेले असतात आणि तिथे एका झटक्यात माणूस आणि कुत्रं दोघंही घसरतील. बाजारपेठ सर्वांत शेवटी, तीही मंगळवारी-बुधवारी सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला, दहा मिनिटांसाठी. आणि घरात कुणी सत्तरीचं असेल, कुत्रं तीस किलोचं असेल, तर त्यांच्या हातात दोरी द्यायची घाई कुणीही करू नये, मग पिल्लू कितीही शहाणं झालेलं असो.